बेचाळीस की त्र्याऐंशी

आमच्या खदानीवरच्या युनियन शाखेत माणसं किती होती, असं कुणी विचारलं तर मी आजही एकदम उत्तर देत नाही. आकड्यांच्या बाबतीत मी तशी काटेकोर आहे. गॅसचा सिलिंडर कधी लावला आणि कधी संपला हे माझ्या स्वयंपाकघराच्या दारामागे पेन्सिलीने लिहिलेलं असतं. शाळेच्या कार्यालयात लिपिक म्हणून इतकी वर्षं काढली, पण पटावरची मुलं आणि हजर मुलं हे दोन आकडे मी कधी एकमेकांत मिसळू दिले नाहीत. त्या शाखेचे मात्र दोन आकडे आहेत, बेचाळीस आणि त्र्याऐंशी. दोन्ही माझ्याच अक्षरातले. दोन्हींत खोटा एकही नाही असं मला वाटतं, आणि दोन्ही एकाच वेळी खरे कसे, ते मला धड सांगता येत नाही. म्हणून जसं घडलं तसं लिहिते.

खदान वडीगोद्रीच्या अलीकडे, हमरस्ता सोडून आत, काळ्या दगडाची. तिथे पूर्वी माळ होता आणि त्या माळावर माझ्या आजोबांची मेंढरं चरत. माळ खोदला जाऊ लागला तशी मेंढरं कमी होत गेली आणि शेवटी माझे वडील, म्हणजे आबा, घण घेऊन त्याच माळाच्या पोटात उतरले. आमचं घर खदानीतल्याच टाकाऊ दगडांचं होतं, वर पत्रे. सकाळी जाग यायची ती आवाजांनी. आधी घणाचा जड, सावकाश ठोका, मग त्याच्यामधून हातोड्यांची बारीक टकटक. घण पुरुषांचा, हातोडा बायकांचा. त्या टकटकीत माझ्या मायचा हातोडा कोणता हे मला गोधडीतून ओळखू यायचं, कारण ती तीन ठोके देऊन एक क्षण थांबायची. गिट्टीची धूळ पिठाच्या डब्यातही जायची. येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी हे आमचं रोजचं जेवण, आणि भाकरीत कुठे ना कुठे कच लागायची. लग्न होऊन जालन्यात आले तेव्हा पहिले काही दिवस बिनकचेची भाकरी मला अळणी लागली होती.

खदानीत माणूस मोजत नसत, जोडी मोजत. नवरा घणाने मोठा दगड फोडणार, बायको त्याची गिट्टी करून घमेल्याने वर वाहणार, आणि दोघांचं मिळून जे होईल ते ब्रासच्या मापाने मोजलं जाणार. ठेकेदाराच्या हजेरीत नाव एकट्या नवऱ्याचं. 'आज किती जोड्या?' असं विचारायचं आणि 'बेचाळीस' असं उत्तर यायचं. त्यातला लिंबाजी नावाचा एकजण विधुर होता, तो एकटाच फोडायचा आणि एकटाच वाहायचा, तरी तो जोडीच. कुणी चेष्टा केली तर म्हणायचा, "माझी अर्धी जोडी वर जाऊन बसली, अर्धी खाली हाय. बराबर एक होती न्हवं!"

आबांकडे दोन कामं जास्तीची होती. एक, युनियनच्या शाखेचे ते चिटणीस होते. दुसरं, दुपारी सुरुंगाचा बार उडवण्याआधी उंच ढिगाऱ्यावर लाल फडकं घेऊन उभं राहायचं, "बाऽऽर हाऽऽय!" अशी तीनदा आरोळी द्यायची आणि सगळे वर आल्याची मोजणी करायची. बायका घमेली ठेवून आधी वर येत, पुरुष हत्यारं गोळा करून मागून. म्हणून आबा स्वतःपासून सुरुवात करून पुरुषच मोजत. गडी वर आला म्हणजे जोडी वर आली. बेचाळीस झाले की ते फडकं खाली करत, आणि खाली ठेकेदाराचा बारवाला, तो जोड्यांत नसे, वात पेटवून पळत वर येई. किती वर्षं हे असंच चाललं होतं आणि कधी काही झालं नव्हतं.

युनियन देशभरची होती. तिचं नाव इतकं लांब होतं की आमच्याकडे सगळे झेंड्याच्या रंगांवरून तिला 'लाल-काळी' म्हणत. मूळ ती कोळशाच्या खाणीतली. दगडाच्या खदानी तिच्यात फार मागाहून आल्या. आबांना सहीपुरतंच येत असे, त्यामुळे शाखेची वही माझ्याकडे होती. बारावीनंतर माझं शिक्षण थांबलं होतं आणि ती वही हेच माझं कॉलेज होतं. युनियनच्या इतिहासाची एक पिवळ्या कव्हराची हिंदी पुस्तिका आमच्याकडे आली होती. माय भाकरी थापायची आणि आबा मला ती मोठ्याने वाचायला लावायचे. पहिले पुढारी तीन, त्यातला एक कोळसा तोडणारा, एक वकील, एक शाळामास्तर. पान नऊवर युनियन फुटायची, पान चौदावर पुन्हा एक व्हायची, पान एकवीसवर परत फुटायची, आणि फुटणं असो की जुळणं असो, पुस्तिकेत त्याला दर वेळी 'ऐतिहासिक' म्हटलेलं असायचं.

"मंग आपली कंची?" माय विचारायची. "फुटलेली का जुळलेली?"

"जुळलेली."

"आत्ताची गोष्ट सांगताय का मागची?"

"बराबर आत्ताची," आबा म्हणायचे आणि माझ्याकडे बघायचे. मी पानं उलटून बघायचे. शेवटचं पान फाटलेलं होतं.

त्या वेळी युनियनचे पुढारी दोन. अध्यक्ष, त्यांना आम्ही कधी पाहिलं नाही. आणि सरचिटणीस, त्यांना सगळे 'दिवेवाले' म्हणत, कारण तरुणपणी ते कोळशाच्या खाणीवर दिवे वाटायच्या खोलीत कामाला होते. अध्यक्षांचं म्हणणं असं होतं म्हणे की, दगड फोडणारे हे काही खरे खाणकामगार नव्हेत, त्यांना युनियनमधून मोकळं करावं. दिवेवाल्यांचं म्हणणं, जो जमीन फोडतो तो आपला. साहजिकच आम्ही दिवेवाल्यांचे. एकदा ते आमच्या खदानीवर आले आणि जेवायला आमच्याच घरी बसले. बुटके, अंगात साधा सदरा, भाकरी आमटीत चुरून खाणारे. कच लागली तेव्हा ते हसून म्हणाले, "हमारे यहाँ रोटी काली होती थी, आपके यहाँ बजती है."

दिव्यांची गोष्ट त्यांनी तेव्हाच सांगितली. खाणीत उतरताना प्रत्येकाला नंबरचा दिवा मिळायचा आणि वर आल्यावर तो परत द्यायचा. "हम आदमी नहीं गिनते थे, बेटी, बत्ती गिनते थे. शाम को एक बत्ती कम, तो समझो कोई अभी नीचे है." मग आबांना त्यांनी विचारलं, "कितने मेंबर हैं?"

"बेचाळीस, साहेब."

दिवेवाल्यांनी दाराबाहेर बघितलं. तिथे मायबरोबर दहा-बारा बायका उभ्या होत्या. सगळ्यांत पुढे गयाकाकू, किसनची बायको. तिच्या तोंडाला कधी दम नसायचा. मला ती मास्तरीण म्हणायची आणि नवऱ्याला भर खदानीत ओरडून विचारायची, "घण मारून राह्यला का माश्या हाकून राह्यला?"

"और ये?" दिवेवाल्यांनी विचारलं.

"त्या जोडीत हायेत, साहेब."

त्यांना ते कळलं नाही. आबांना त्यांना काय कळलं नाही हे कळलं नाही. ते हसले, आबाही हसले, आणि बाहेरून गयाकाकू म्हणाली, "आम्ही बत्ती न्हाई हो साहेब, आम्ही नुसती वात!" त्यावर सगळ्याच हसल्या. मीही हसले. वहीत बेचाळीस होते ते बेचाळीसच राहिले.

त्यानंतर काही महिन्यांनी ती दुपार आली. मी रोजच्याप्रमाणे आबांचा आणि मायचा डबा घेऊन ढिगाऱ्यावर गेले होते. अंबाडीची भाजी होती, इतकं आठवतं. आबांनी तिसरी आरोळी दिली. बायका वर येऊन कडुलिंबाखाली बसल्या. पुरुष एकेक करून येऊ लागले आणि आबा पुटपुटत मोजू लागले. किसन एकतिसावा होता. मी शेजारी उभी राहून मनातल्या मनात मोजत होते, ती माझी खोडच होती. बेचाळीस झाले. माझे बेचाळीस, आबांचे बेचाळीस. फडकं खाली गेलं. बारवाला पळत आला. आणि तेवढ्यात माय उभी राहून म्हणाली, "गया कुठंय?"

गयाकाकू वर आली होती आणि परत खाली गेली होती. डोक्यावर घमेल्याखाली ठेवायची चुंबळ खाली राहिली होती, नवी होती, बाराखाली चिंध्या झाली असती. हे नंतर कळलं. त्या वेळी फक्त आवाज झाला आणि नेहमीसारखी धूळ उठली.

ती वाचली. एक पाय मांडीपासून चिरडला आणि दोन्ही कान गेले. आम्ही तिला जालन्याला नेलं तेव्हा ती ट्रकमध्ये सारखी ओरडत होती, "मोठ्यानं बोला की! हळू का बोलून राह्यलेत समदे?" आम्ही सगळे मोठमोठ्याने बोलत होतो.

या जागी मला नेहमी थांबावंसं वाटतं. आबांनी चुकीचं मोजलं असं लोक म्हणत. पण मीही मोजलं होतं. आकडा बराबर आला म्हणून मी कडुलिंबाखाली डोळे उचलून बघितलंच नाही. आकडा चुकला असता तर मी नक्की बघितलं असतं. तो चुकला नाही.

ठेकेदाराने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं की गयाबाई नावाची कुणी कामगार आपल्याकडे नाही. हजेरीत किसन आहे, त्याची बायको डबा घेऊन आली असेल. हजेरी पाहिली तर त्याचं खरंच होतं. मग उरलं युनियनचं सभासदपत्रक. त्यातही गयाकाकू नव्हती. दवाखान्यातून ती परत आली, कुबडीवर, तेव्हा तिला खुणांनी हे कसंबसं समजावलं. तिने माझ्या तोंडाकडे बघितलं. मग म्हणाली, "डबा? डबा तर तू आणत होतीस गं!"

दिवेवाल्यांच्या कचेरीतून पत्र आलं. अधिवेशन जवळ आलं आहे, शाखेची पूर्ण यादी घेऊन या. पन्नासांवर सभासद असतील तर तुम्हाला मत आहे. अपघाताचं प्रकरणही आम्ही लढवू, फक्त ती बाई अपघाताआधीपासून सभासद होती हे यादीत दिसलं पाहिजे. मी ते पत्र दोनदा वाचून दाखवलं. आबा भिंतीला टेकून बसले होते.

"लिही," ते म्हणाले. "समद्या बायका लिही. जोडी फोड."

मी लिहिली. बेचाळीस दुणे चौऱ्याऐंशी, वजा लिंबाजीची एक, त्र्याऐंशी. माझ्या मायचं नाव मी आयुष्यात पहिल्यांदा तेव्हा कागदावर लिहिलं, आणि ते लिहिताना मला तिला विचारावं लागलं की तुझ्या नावात र्‍हस्व की दीर्घ. ती म्हणाली, "मला काय म्हाईत? तुला बराबर दिसंल तसं लिही." बायका येऊन अंगठे देऊन गेल्या. गयाकाकूने दोनदा दिला, एक पुसट आला म्हणून.

"आता तारीख टाक," आबा म्हणाले. "मागली. गेल्या संक्रांतीची टाक."

"आबा, आज कुठं संक्रांत आहे?"

"म्हाईत हाय मला."

"मग खोटं होईल ते."

"अन् ती डबा घेऊन आल्ती हे खरं हाय का?" आबांचा आवाज चढला. ते माझ्यावर कधी चढवत नसत. "समद्या खदानीला ठावं हाय ती किती वर्षं गिट्टी फोडून राह्यली. खरं हाय तेच लिहितोय. नुसती तारीख मागली."

माय चुलीपाशी होती. मला वाटलं ती माझी बाजू घेईल, किंवा त्यांची. ती म्हणाली, "मला दोघांचंबी पटून राह्यलं. जेवून घ्या आधी."

मी तारखेची जागा कोरी सोडली. आबांनी यादी घडी करून सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. पुढे कितीतरी वर्षं मी लोकांना अभिमानाने सांगत आले की मी खोटी तारीख लिहिली नाही. हल्ली स्वतःला विचारते, मग ती कोरी जागा कुणासाठी सोडली होती?

आबा अधिवेशनाला गेले. दोन दिवसांचा रेल्वेचा प्रवास, कोळशाच्या मुलखातलं गाव. बरोबर मायने दिलेले धपाटे. आठव्या दिवशी परत आले ते वेगळेच दिसत होते, थकलेले नव्हे, हरवलेले. हातपाय धुवून चहा घेईपर्यंत कुणी काही विचारलं नाही. मग मायने विचारलं, "काय झालं? दिवेवाले निवडून आले का?"

"आले."

"बरं झालं."

"ते दुसरेबी आले."

हळूहळू कळलं ते असं. सभागृहात आधी याद्यांवरून भांडण पेटलं. अध्यक्षांच्या बाजूचा एकजण आमची यादी हातात धरून ओरडला की, गेल्या साली बेचाळीस, यंदा त्र्याऐंशी, या लोकांनी भुतंसुद्धा भरती केली. दिवेवाल्यांच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, तारीख बघा तारीख. म्हणजे तारीख पडली होती. कुणी टाकली ते आबांना ठाऊक नव्हतं. खुर्च्या उचलल्या गेल्या. निम्मे लोक उठून शेजारच्या दुसऱ्या सभागृहात गेले आणि तिथे दुसरं अधिवेशन सुरू झालं. त्या गडबडीत आबा पाणी प्यायला नळावर गेले होते.

"परत आलो तं दोन दारं," आबा म्हणाले. "दोन्हीकडं झेंडा तोच. दोन्हीकडं पहिल्या तीन पुढाऱ्यांचे फोटो तेच. दोन्हीकडं 'एकता जिंदाबाद'. मी कुणालातरी विचारलं, युनियनची सभा कुठं? त्यो म्हणला, ही काय. गेलो. हात वर करा म्हणले, केला."

"कुणासाठी केला?" मायने विचारलं.

आबांनी कप खाली ठेवला. "बाहेर आल्यावर कळलं. अध्यक्षांसाठी."

मायने तोंडाला पदर लावला. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडते आहे. ती हसत होती. "अवो, ज्यांनी आपल्याला हाकलून द्यायचं म्हणलं त्यांनाच?" आबाही हसले, पण त्यांचे डोळे हसले नाहीत.

त्यानंतर आम्हाला दोन्हीकडून पत्रं येऊ लागली. दोन्हींवर तोच लांबलचक मथळा, तोच शिक्का, खाली सरचिटणीस वेगळा. एका पत्रात आमची शाखा त्र्याऐंशी सभासदांची, दुसऱ्यात बेचाळीस. खरी युनियन कोणती हे मला तेव्हा कळलं नाही. नंतर शाळेच्या ग्रंथालयात मी एकदा शोधून पाहिलं, तिथेही एका पुस्तकात एकीचा इतिहास होता आणि दुसऱ्यात दुसरीचा, आणि दोन्हींची सुरुवात त्याच कोळसा तोडणाऱ्या माणसापासून होती.

मग चौकशीचा दिवस आला. कामगार ऑफिसातले साहेब जीपने आले. खदानीवरच्या पत्र्याच्या खोलीत उकडत होतं म्हणून टेबल कडुलिंबाखाली आणलं. एका बाजूला ठेकेदार, दुसऱ्या बाजूला आबा, किसन, मी, आणि मधोमध पोत्यावर गयाकाकू, पाय लांब करून. मागे सगळी खदान उभी होती. साहेबांनी दोन कागद काढून टेबलावर ठेवले आणि त्यावर दगड ठेवला. एक त्र्याऐंशींची यादी, दिवेवाल्यांनी पाठवलेली. दुसरं दुसऱ्या युनियनचं पत्र, ठेकेदाराने मिळवलेलं, त्यासोबत आमची जुनी बेचाळीसांची यादी.

"अक्षर एकच दिसतं," साहेब म्हणाले. "कोणाचं?"

"माझं," मी म्हणाले.

"ही त्र्याऐंशींची यादी कधी लिहिली? तारीख संक्रांतीची आहे." ती निळ्या शाईत होती. मी काळ्या शाईने लिहीत असे.

मी आबांकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर काय बोलले असते कुणास ठाऊक. गयाकाकू माझ्या ओठांकडे टक लावून बघत होती, तिला काही कळत नव्हतं आणि म्हणून ती हसत होती, मला धीर द्यायला. मला एवढंच कळत होतं की खरं बोलले तर या बाईची होती नव्हती ती कागदाची बाजू जाते, आणि खोटं बोलले तर ते माझ्या तोंडून येणार नाही, अडखळेल, आणि तसंही जाईलच.

"अपघातानंतर लिहिली, साहेब. तारीख माझी नाही. जागा कोरी होती."

ठेकेदार खुर्चीत मागे रेलला. "घ्या. मी म्हणत नव्हतो? बाई डबा घेऊन आल्ती."

मागे कुजबुज सुरू झाली. किसनने माझ्याकडे असं बघितलं की ते मी अजून विसरले नाही. "मास्तरीणबाई," तो हळूच म्हणाला, "लई शिकलीस गं." गयाकाकूने सगळ्यांची तोंडं बघितली आणि मोठ्याने विचारलं, "काय झालं? काय म्हणून राह्यलेत? कुणी मलाबी सांगा की!"

तेव्हा आबा उठले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"साहेब, पोरीची यादी बाजूला ठिवा. दोन्ही बाजूला ठिवा. त्या दिवशी मोजणी मी केली."

"कसली मोजणी?"

"बाराच्या आधीची. खाली कामाला कोण उतरलं अन् वर कोण आलं त्याची. बेचाळीस जोड्या उतरल्या, बेचाळीस मी मोजल्या. गयाबाई माझ्या मोजणीत होती. एकतिसावी जोडी. किसन वर आला अन् मी म्हणलं दोघं आले."

ठेकेदार पुढे सरसावला. "सखाराम, जरा इचार करून बोल."

"डबा आणणारी माणसं मी मोजत नसतो," आबा साहेबांकडेच बघत बोलत राहिले. "डबा माझी ही पोरगी आणते. रोज माझ्या शेजारी उभी राहती. तिला मी एक दिवस मोजली न्हाई. इचारा कुणालाबी. मोजतो ते कामावरचं माणूस. गयाबाई मोजली, म्हणून तं चुकली."

साहेबांनी पेन उचललं नाही. "तुम्ही काय सांगताय ते कळतंय ना? बार तुमच्या खुणेवर उडाला. ती खाली असताना वर आली असं तुम्ही मोजलं. म्हणजे दोष तुमच्यावर येतो."

"येतो."

"लिहू असं?"

आबांनी टोपी एकदा उलटी केली, मग सुलटी. "लिव्हा," ते म्हणाले.

साहेब लिहू लागले. गयाकाकूने माझा पदर ओढला. मी तिच्यासमोर बसले आणि तिच्या तळहातावर बोटाने जोडी काढली, दोन उभ्या रेघा, आणि दुसऱ्या रेघेवर तिचंच बोट टेकवलं. तिला कळलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिने ते बोट तसंच टेकवून ठेवलं.

कागदावर ती कामगार ठरली. पुढे तिला काय मिळालं आणि किती उशिरा मिळालं तो वेगळा विषय आहे. आबांच्या नावापुढे निष्काळजीपणा असा शब्द लिहिला गेला. त्यांच्या हातातलं लाल फडकं गेलं. चिटणीसपद त्यांनी स्वतःच सोडलं, पण राजीनामा कोणत्या युनियनला पाठवायचा हे आम्हाला ठरवता येईना, म्हणून मी दोन प्रती लिहिल्या आणि दोन्हीकडे पाठवल्या. एकीकडून तो स्वीकारल्याचं उत्तर आलं. दुसरीकडून उत्तर आलं की अशी कोणतीही शाखा आमच्या नोंदीत नाही. किसन माझ्याशी वर्षभर बोलला नाही. मी खरं बोलले म्हणून आबांना ते बोलावं लागलं, की ते बोलणारच होते आणि मी उगाच मधे आले? मी त्यांना शेवटपर्यंत विचारलं नाही. एकदा विचारायच्या बेतात होते तेव्हा ते म्हणाले, "काळ्या शाईत लिहीत जा नेहमी. ती चांगली."

पुढे शाळेच्या नोकरीत असताना जनगणनेच्या कामाला मी धावडा गावाकडे गेले होते. एका घरी आजोबांना विचारलं, घरात माणसं किती? ते म्हणाले, तीन. आत चुलीपाशी दोन सुना आणि एक नात दिसत होती. मी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, आजोबा, सगळ्यांना एकेक करून बाहेर बोलवा, मी बसते. बरोबरच्या गुरुजींना माझा राग आला, कारण आमची अजून बरीच घरं बाकी होती.

चौकशीपायी बंद ठेवलेली खदान पुन्हा सुरू झाली तेव्हा फडकं धरायला ठेकेदाराने दुसरा माणूस ठेवला. पण बायकांनी त्याच्या मोजणीवर काम करायला नकार दिला. शेवटी असं ठरलं की ढिगाऱ्यावर त्याच्या शेजारी गयाकाकूने बसायचं. आरोळी तिला ऐकू येत नव्हती, ती तिला लागतही नव्हती. सकाळी उतरणाऱ्या प्रत्येकाचा एक खडा ती डाव्या हाताला ठेवायची, आणि दुपारी जो वर येईल, बाई असो की गडी, त्याने तिच्यासमोरून जायचं. ती तोंड बघायची आणि एक खडा उजवीकडे सरकवायची. डावीकडे एक जरी उरला तरी ती हात वर करत नसे, मग ठेकेदार कितीही ओरडो. आबा रांगेत इतरांसारखेच येत, तिच्यासमोर टोपी किंचित वर करत, आणि ती म्हणायची, "चला, जल्दी चला, मागं लोक हायेत."

एकदा मी डबा घेऊन गेले तेव्हा तिच्याशेजारी बसून खडे मोजले. ती आता खाली उतरत नव्हती, म्हणजे ब्याऐंशी हवे होते. त्र्याऐंशी भरले. पुन्हा मोजले. त्र्याऐंशीच. मी तिच्यासमोर बोटं नाचवून विचारलं, एक जास्त कसा? सगळे वर आलेले होते, डावी बाजू मोकळी होती. गयाकाकूने उजवीकडच्या ढिगातला अगदी तळाचा खडा काढला, पदराने पुसला आणि मला दाखवला.

"ह्यो माझा," ती मोठ्याने म्हणाली. "पयला माझाच ठिवते. मी आल्ते की वर."